'ग्लीन' म्हणजे नुसतं 'गोळा करणे' का?

परवा एका भाषांतरात वाचलं, 'संशोधकाने जुन्या पत्रांतून माहिती गोळा केली.' मूळ इंग्रजी क्रियापद होतं 'ग्लीन'. वाक्य चूक म्हणता येणार नाही, पण मला ते खटकलं. गोळा तर वर्गणीही करतात आणि कचराही. 'ग्लीन' हे क्रियापद शेतातून आलंय आणि येताना बरंच काही घेऊन आलंय.

पीक कापून, पेंढ्या बांधून गाडी खळ्यावर गेली तरी वावरात कणसं पडून राहतात. ती मागाहून एकेक उचलायची, हा त्याचा वाच्यार्थ. १४ व्या शतकात जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला. आपल्याकडे त्याला अगदी नेमका शब्द आहे, सरवा. मराठी बायबलमधली रूथ बवाजाच्या शेतात सरवाच वेचते.

मी लहानपणी आजीबरोबर भुईमुगाचा सरवा वेचायला जायचो. वेल उपटताना आऱ्या तुटतात आणि शेंगा मातीतच राहतात. आजी उकिडवी बसून खुरप्याने ढेकूळ उकरायची, शेंग दिसली की बोटांनी माती झटकून ओच्यात टाकायची आणि तशीच पुढे सरकायची. दिवस माथ्यावर येईतो टोपलीचं जेमतेम बूड झाकायचं. तेव्हा कळलं की या कामाला घाई चालत नाही, आणि मालकाची नजर जिथून पुढे गेली तिथेच पुन्हा बघावं लागतं.

फ्रेंच चित्रकार मिलेचं 'द ग्लीनर्स' हे १८५७ सालचं चित्र पाहिलंत तर हेच दिसेल. मागे धान्याच्या रचलेल्या गंजी, भरलेली गाडी, घोड्यावरचा मुकादम. पुढे तीन बाया मातीकडे वाकलेल्या. इंग्लंडमध्ये काही गावांत सरवा वेचायची वेळ घंटा वाजवून सांगत, म्हणजे सगळ्यांना एकदमच सुरुवात करता येई. गरिबांचा हा रिवाज म्हणजे हक्क आहे का, असा खटलाही तिथे झाला. १७८८ मध्ये कोर्टाने बहुमताने निकाल दिला, की कायद्याने असा सरसकट हक्क नाही. वेचणारे त्यानंतरही वेचतच राहिले.

आता लाक्षणिक अर्थ. इतरांनी बिनकामाचं म्हणून सोडलेलं, विखुरलेलं, कणाकणाने, कष्टाने वेचून मिळवणं. एका दमात सगळं सांगणाऱ्या माणसाकडून मिळालेल्या माहितीला 'ग्लीन' शोभत नाही. किर्दीच्या समासातली नोंद, पत्राच्या शेवटी ओझरतं आलेलं नाव, हा खरा सरवा.

संस्कृतात यासाठी 'उंछ' आणि 'शिल' असे दोन शब्द. दाणे वेचणं ते उंछ, कणसं वेचणं ते शिल. महाभारतातल्या अर्ध्या सोन्याच्या मुंगसाच्या गोष्टीतला ब्राह्मण उंछवृत्तीनेच जगत होता. मनुस्मृतीनेही या उपजीविकेला 'ऋत' म्हणून मान दिलाय. मराठीत मात्र उंछवृत्ती पोथीत राहिली आणि सरवा रानात. लाक्षणिक अर्थाचं ओझं उचललं ते 'वेचणे' आणि 'टिपणे' यांनी. पुस्तकातले वेचे, वेचक उतारे हे पहिल्याचे. दुसरा मला जास्त आवडतो. पाखरू दाणा टिपतं, टिपकागद शाई टिपतो, आणि ऐकताना जे टिपलं त्याचं होतं टिपण. फक्त 'टिपणे'मध्ये मागे राहिलेलं उचलण्याची छटा नाही. पाखरू सुपातलेही दाणे टिपतं.

एक सावधगिरी. हल्लीच्या इंग्रजीत 'ग्लीन' पुष्कळदा 'अंदाज आला' एवढ्याच अर्थाने येतो. तिथे सरवा आणू नये. 'त्याच्या बोलण्यावरून मला एवढंच उमगलं' पुरेसं आहे. 'ताडलं' मात्र नको. ताडायला एक नजर पुरते, आणि या क्रियापदाला सवड लागते.

संशोधकाचं ते वाक्य मी असं केलं असतं: 'जुन्या पत्रांतून त्यांनी सरवा वेचावा तसा एकेक तपशील वेचला.' ज्या वाचकाला सरवा ठाऊक नसेल, त्यालाही 'वेचला'वरून अर्थ लागेल, आणि ज्याच्या घरी कधी शेंगांचा सरवा आला असेल त्याला ती वाकलेली पाठही दिसेल.