डोळ्यांखालचं काळं आणि आंब्याचा चीक

(रत्नागिरीतल्या एका सोसायटीचा ग्रुप, एप्रिलमधली संध्याकाळ)

प्राजक्ता, बी-३०२: रत्नागिरीत कुणी चांगला स्किनवाला डॉक्टर सांगाल का? डोळ्यांखाली इतकं काळं झालंय की साखरपुड्याच्या फोटोत मीच मला ओळखेना. लग्नाला महिना उरलाय 😭

सुमनकाकू, ए-१०१: अगो, जागरणं कमी कर. रात्री दोनपर्यंत तुझ्या खोलीत लाईट असतो. बटाट्याचे काप ठेव डोळ्यांवर. आणि लिंबाचा रस मधातून लाव, आठ दिवसांत फरक.

मेडिकलवाले काका, ए-२०४: सुमनताई, बटाटा ठेवू दे. गार लागतो, सूज थोडी उतरते, बिघडत काही नाही. लिंबू मात्र अजिबात नको. लिंबू लावून उन्हात गेलं की कातडी भाजते आणि मागे आणखी काळा डाग राहतो. त्यात हे आपलं एप्रिलचं ऊन.

सुमनकाकू: आम्ही जन्मभर लावलं हो.

काका: तुम्ही लावून माजघरात बसत होतात. ही स्कूटरवरून फिरते.

नीता, बी-१०३: 😂😂

काका: प्राजक्ता, डॉक्टर सांगतो, पण आधी एक कर. खिडकीपाशी आरसा घेऊन उभी राहा आणि डोळ्याखालची कातडी बोटाने हळूच खाली ताण. काळं कातडीबरोबर सरकलं तर रंग कातडीतच आहे. ताणल्यावर निळं-जांभळं जास्त दिसलं तर ते खालच्या रक्तवाहिन्यांचं, कारण पापणीची कातडी अंगात सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. आणि तोंड वर करून उजेडाकडे बघितल्यावर गेलंच, तर ती नुसती खळगीची सावली. सावलीवर कुठलंच क्रीम चालत नाही.

सेक्रेटरी: पंप साडेसहाला सुरू होईल. बादल्या भरून ठेवा.

नीता: सेक्रेटरी, तुम्ही पण ताणून बघा 😄

प्राजक्ता: बघितलं. तपकिरी आहे, बोटाबरोबर सरकतंय. उजव्या डोळ्याला जास्त. आणि हाताला जरा खरखरीत लागतंय.

काका: एकाच डोळ्याला जास्त? खाज सुटते?

प्राजक्ता: रात्री खूप. झोपेत चोळते, आई सांगते.

स्मिता, ए-३०३: थांब थांब. तू सध्या बाबांबरोबर बागेत पेट्या भरतेस ना?

प्राजक्ता: हो, दोन आठवडे. रोज ऑफिसचं काम आटपलं की.

स्मिता: मग माझ्यासारखंच. माहेरी आंबे उतरवायचो तेव्हा देठाचा चीक बोटांना लागायचा. हाताला काही नाही, पण ओठांच्या कडेला आणि उजव्या डोळ्याखाली बारीक पुरळ. खाजवून खाजवून पुरळ गेलं, काळं मात्र पार पावसाळा संपेपर्यंत होतं. सगळे मला म्हणायचे झोपत नाहीस का गो.

काका: बरोबर धरलंत स्मिताताई. आंबा, काजू, बिब्बा सगळे एकाच कुळातले. त्यांचा चीक काहींना सोसत नाही. पहिल्यांदा काही होतही नाही. एकदा शरीराने तो ओळखला की मग दर हंगामाला उठतं. बोटांची कातडी जाड, ती कळू देत नाही. तोच हात न धुता डोळ्याला लागला की पापणी उठते. मग चोळणं, चोळलं की सूज, सूज गेली की काळं. धुळीच्या आणि बुरशीच्या ॲलर्जीतही असंच होतं. पावसाळ्यात शिंकणारे बघा, सगळे डोळे चोळत असतात.

सुमनकाकू: म्हणजे आंबे खायचे नाहीत?

काका: खा हो! सालीला तोंड लावू नका. कुणी सोलून कापून दिलेला गर बहुतेकांना चालतो.

प्राजक्ता: काका, एक सांगायचं राहिलं. महिनाभर एक क्रीम लावतेय. पार्लरमध्ये डबी मिळाली, वर लेबल नाही. आठ दिवसांत उजळलं होतं, आता उलट जास्तच दिसतंय.

काका: ती लावू नकोस आता. मी तीस वर्षं काउंटरवर उभा होतो. आठ दिवसांत उजळवणाऱ्या बिनलेबलच्या डबीत बहुतेक वेळा स्टेरॉइड निघतं. डोळ्याजवळ ते महिनोन्महिने लावलं तर कातडी आणखी पातळ होते, डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. पण फेकू नकोस, डबी डॉक्टरकडे घेऊन जा. बंद केल्यावर दोन दिवस लाल झालं तर घाबरू नकोस, त्यांना सांग.

नाना, सी-१०२: माझ्या डोळ्यांभोवती काचबिंदूच्या थेंबांनीच काळं झालंय. डॉक्टर म्हणाले काही थेंबांनी होतं. घातल्यावर गालावर आलेलं टिपून घ्यायचं, थेंब मात्र मनाने बंद करायचे नाहीत.

नीता: काका, माझं निळसर आहे. आणि जिना चढताना दम लागतो.

काका: नीता, क्रीम राहू दे, उद्या हिमोग्लोबिन कर. बायकांचं १२ च्या खाली म्हणजे कमीच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. चेहरा फिका पडला की खालचं निळं उठून दिसतं. जेवणावर लगेच चहा घेऊ नकोस, लोह अंगाला लागत नाही. तिसऱ्या (शिंपल्या) खा.

नीता: आमच्याकडे चालत नाहीत 😅

सुमनकाकू: मग अळिवाचे लाडू. ते तरी चालतील ना काका, की त्यातही काही आहे?

काका: चालतील 🙏

प्राजक्ता: लग्नापर्यंत जाईल का? मैत्रीण लेझर म्हणतेय.

काका: महिन्यात लेझरच्या नादी लागू नकोस. आधी खाज थांबू दे. मग झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, आणि डॉक्टरांनी दिलं तर व्हिटॅमिन सी किंवा ॲझेलाइक ॲसिडचं क्रीम. त्यालाही काही महिने लागतात. लग्नाला सरळ कन्सीलर लाव. आमच्या घरात तर हे काळं आजोबांपासून आहे, ते काही जात नाही. माझ्याही लग्नाच्या फोटोत आहे.

सुमनकाकू: टाका तो फोटो.

काका: नाही टाकत. प्राजक्ता, नंबर वेगळा पाठवलाय.

प्राजक्ता: मिळाला, गुरुवारची वेळ घेतली. बाबांना म्हटलं उद्यापासून पेट्या तुम्हीच भरा. ते म्हणाले, रबरी हातमोजे आणून देतो.