गॅल्व्हेस्टन बे: थंडीतला ट्राउट

टेक्सासच्या या खाडीत जानेवारीत पॉपिंग कॉर्कखाली (ओढल्यावर आवाज करणाऱ्या तरंगत्या बुचाखाली) जिवंत कोळंबी लावूनही ट्राउट मासा लागत नाही, अशी एकाची तक्रार आहे. कोळंबी ठीक आहे, खोली चुकतेय. थंडीची लाट येऊन पाणी १० अंश सेल्सिअसपर्यंत उतरलं की स्पेकल्ड (ठिपकेवाला) ट्राउट चॅनेलच्या, म्हणजे खाडीतल्या खोल जलमार्गाच्या, कडेला तळाशी सुस्तावतो. कॉर्क काढा. १/८ औंसाचं जिगहेड (शिशाचं वजन असलेला गळ), त्यावर ४ इंची सॉफ्ट प्लॅस्टिक (मऊ नकली आमिष), २० पौंडी फ्लुरोकार्बन लीडर (गळाजवळचा मजबूत दोरीचा तुकडा). तळ लागू द्या, रॉडचं टोक सावकाश उचला, परत पडू द्या. मासा लागला तरी झटका बसत नाही, दोरी फक्त जड होते, तेवढ्यावरच ओढा. दुपारी ऊन तापलं की बोय मासे उसळणाऱ्या उथळ चिखलावर जा, रेडफिश हा दुसरा मासा तिथे येतो. रेडफिश २० ते २८ इंचांतलाच ठेवा, बाकीचे ओल्या हातांनी सोडा.