ड्रेनची पिशवी, दंडाचं माप, चौथ्या दिवशीचा फोन: स्तनाच्या कॅन्सरच्या मैत्रिणींसाठी अनुभव धागा

निशिगंधा_प
कपाट आवरताना ड्रेनची (ऑपरेशननंतर जखमेतलं पाणी नळीने डब्यात ओढतात ना, तो) जुनी कापडी पिशवी हाती लागली. तेव्हा म्हटलं हे सगळं एका जागी लिहून ठेवूच. ऑपरेशन, केमो, रेडिएशन ठरवायला डॉक्टर आहेत. पिशवीचा पट्टा किती लांब ठेवायचा हे मात्र एक बाई दुसरीला सांगते तेव्हाच कळतं. पहिल्या-दुसऱ्या स्टेजच्या मैत्रिणींसाठी धागा आहे. आपबीती नकोत गं, कृती लिहा. वाचणारीला बसून वाचायचं त्राण नसतं.

माझ्याकडून पिशवी. जुन्या सुती साडीचं कापड दुहेरी घ्या, साधारण २० सेमी रुंद आणि २५ सेमी खोल. दोन ड्रेन असतील तर मधे उभी शिवण घालून दोन कप्पे. वरून उघडी ठेवा. चेन लावू नका, नळी चिमटते. पट्टा एवढा लांब की डबा कमरेशी येईल, कारण तो जखमेच्या खालीच राहायला हवा. गळ्यात उंच लटकवला तर पाणी नीट उतरत नाही. पट्ट्याला गाठ मारा म्हणजे बसताना आखूड करता येतो. दोन शिवा, एक आंघोळीसाठी पातळ नायलॉनची.

टीपकागद
ड्रेनची वही कुणी सांगत नाही. रोज ठरलेल्या वेळी (सकाळी ८ म्हणा) माप घ्यायचं. दोन ड्रेन असतील तर डबा १, डबा २ वेगळे लिहायचे, बेरीज करून नाही. रंगही लिहा: आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर. बहुतेक ठिकाणी २४ तासांत ३० मिलीच्या खाली सलग २ दिवस आलं की ड्रेन काढतात.
रिकामा केल्यावर डबा पूर्ण दाबून *मग* झाकण लावायचं. दाब गेला की डबा फुगतो आणि ओढ थांबते. नळीत गुठळी दिसली तर एका हाताने नळी त्वचेजवळ घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीने डब्याकडे सरकवत न्यायची. वरचा हात सुटला तर टाक्याला हिसका बसतो, म्हणून हे काम दुसरीने करावं. एकदम ताजं लाल आलं, किंवा पाणी अचानक थांबलं आणि काख फुगली, तर वाट न बघता फोन.

पार्लेकरीण
समोरून बटणांचे गाऊन. एवढंच. डोक्यातून घालायचं काहीही नको.

जाईजुई
पार्लेकरीण +१. आणि मिस्टरांचे जुने शर्ट! फुकट, ऐसपैस, खिसाही असतो. मिस्टर कुरकुरले तर म्हणावं नवे घ्या.

विदर्भकन्या
हाताचे व्यायाम लिहिते, पोळ्या टाकायच्यात, घाईत आहे.
पहिल्या दिवसापासून मूठ उघडझाप, कोपर वाकवणं. ड्रेन असेपर्यंत हात खांद्याच्या वर नेऊ नये असं बहुतेक सर्जन सांगतात. ड्रेन निघाल्यावर भिंत: तोंड भिंतीकडे, बोटं चालवत वर. जिथे पोचाल तिथे पेन्सिलने खूण आणि तारीख. ताण जाणवला की थांबायचं, दुखेपर्यंत नाही. रेडिएशनला हात डोक्यावर धरून झोपावं लागतं, त्यामुळे हे टाळून चालत नाही.
काखेतून कोपराकडे दोरीसारखं ओढल्यागत लागलं तर घाबरू नका, ऑपरेशननंतर बऱ्याच जणींना होतं. फिजिओथेरपिस्टला दाखवा. स्वतः ताणून तोडायला जाऊ नका.

कोकणातली
ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी-निळी झाली तर ओरडू नका, काखेतली गाठ (लसिका ग्रंथी) शोधायला टोचलेला निळा रंग आहे तो. आणि केमोतल्या लाल औषधाने (डॉक्सोरुबिसिन) एक-दोन दिवस लालसर होते, ते रक्त नव्हे. नवीन मैत्रिणीला *आधीच* सांगा म्हणजे मध्यरात्री फोन येत नाही.

निशिगंधा_प
कोकणातली 😄 हे प्रत्येक वॉर्डच्या भिंतीवर रंगवायला हवं.

टीपकागद
दंडाचं माप राहिलंच, ऑपरेशननंतर त्या बाजूचा हात सुजू शकतो म्हणून. शक्यतो ऑपरेशनच्या *आधी* घ्या, नंतर तुलना कशाशी करणार? शिवणाची टेप, दोन्ही हात, चार जागा: मनगट, मनगटापासून १० सेमी वर, कोपराच्या १० सेमी खाली, १० सेमी वर. पेनाने ठिपका देऊन त्याच जागी मापायचं, टेप आवळायची नाही. पुढे महिन्यातून एकदा. एखाद्या जागी आधीच्यापेक्षा २ सेमी फरक पडला तर दाखवायला जायचं. सूज ताजी असताना आटोक्यात येते. जुनी झाली की कातडी जाड होते.
काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या असतील तर धोका जास्त. एक-दोनच तपासायला काढल्या असतील तर बराच कमी, तिला उगाच घाबरवू नये.

आजीबाईंचा_बटवा
मापाच्याही आधी बांगड्या सांगतात. त्या बाजूच्या बांगड्या चढेनात, अंगठी रुतायला लागली, ब्लाऊजची बाही तटतटली. तिथेच लक्ष द्या. हिरवा चुडा भरायचाच असेल तर त्या हातात एक माप मोठा.

जाईजुई
भाजी चिरताना, नारळ खवताना, बागेत त्या हातात हातमोजा घाला. कापलं, भाजलं, डास चावून खाजवलं तर धुवून मलम लावा. हात लाल, गरम, ठणकतोय आणि ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, अँटिबायोटिक लागतं. दाबपट्टीची बाही (स्लीव्ह) माप देऊनच घ्या, दुसरीची वापरलेली नको. सकाळी उठल्याबरोबर चढवा, रात्री काढा, साधारण ६ महिन्यांनी ताण जातो तेव्हा बदला. बोटं सुजायला लागली तर पंजाचा वेगळा भाग लागतो.

शिवणयंत्र
शेवटी माझा विषय आला! स्तन काढल्यावरच्या पोकळ जागेसाठी ब्राच्या आत काय भरायचं ते.
जखम ताजी असताना फक्त हलकं: मऊ सुती कापडात पॉलिस्टरचा कापूस, किंवा सुती दोऱ्याने विणलेला गोळा. लोकर टोचते आणि उन्हाळ्यात नकोशी होते. सिलिकॉनचा तयार कृत्रिम स्तन साधारण ६ ते ८ आठवड्यांनी, तेही जखम पूर्ण भरली असेल तर.
हलक्याची अडचण म्हणजे तो वर सरकतो आणि दिवस संपता संपता एक बाजू गळ्याशी येते. कापसाच्या मधोमध मोहरीची छोटी पुरचुंडी घाला. दुसऱ्या बाजूच्या वजनाशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर जुळवून बघा. धुताना पुरचुंडी बाहेर काढा, भिजली की मोहरीला मोड येतात!
ब्राच्या आत खिसा: जुन्या मलमलचा तुकडा कपापेक्षा बोटभर मोठा. खालची आणि मधली बाजू शिवून घ्या, काखेची बाजू उघडी, तिथून आत सरकवायचं. शिवण बाहेरच्या अंगाला काढा, व्रणावर घासायला नको. पट्टा रुंद असू दे.

पार्लेकरीण
ब्लाऊजचं बोला ना. कटोरी की प्रिन्सेस कट?

शिवणयंत्र
प्रिन्सेस. कटोरीची गोल शिवण दोन बाजूंचा फरक उघड करते. गळा एक बोट वर, काखेचा घेर सैल, हुक पुढे. शिंप्याला सांगायला संकोच वाटत असेल तर जुना नीट बसणारा ब्लाऊज नमुन्याला द्या आणि खिसा घरी शिवा.

कोकणातली
मोहरीला मोड 😂 त्याची उसळ करा.

विदर्भकन्या
ताप. हे ठळक कुणीतरी करा. केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) म्हणजे थेट दवाखाना, रात्री २ वाजतासुद्धा. पांढऱ्या पेशी केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत सगळ्यात खाली असतात. पॅरासिटामॉल घेऊन "सकाळी बघू" नाही, गोळीने आकडा उतरतो आणि संसर्ग आत वाढतो.
मैत्रिणींनी करायचं काम: फाईलच्या पहिल्या पानावर केमोची तारीख, औषधांची नावं, ॲलर्जी आणि दवाखान्याचा रात्रीचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून द्यायचं. आणि त्या भागातली गाडीवाली कोण ते आधीच ठरवून ठेवायचं.

निशिगंधा_प
पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन घरी न्यायचं असेल तर २ ते ८ अंश, म्हणजे फ्रिजच्या मधल्या खणात. फ्रीझरमध्ये टाकलं की वाया जातं. प्रवासात बर्फाला चिकटू देऊ नका, मधे टॉवेल घाला. नंतर कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकतात, ते अपेक्षितच आहे. वेदनेची कोणती गोळी घ्यायची ते आधी विचारून ठेवा, कारण ताप झाकला जातो (वरचं वाचा).

आजीबाईंचा_बटवा
तोंड येतं त्याला: १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, १ चहाचा चमचा मीठ, १ चहाचा चमचा खायचा सोडा. प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपताना गुळण्या. रोज नवीन करा. मऊ ब्रश. ठेचा बंद.

विदर्भकन्या
ठेचा बंद!! आजी, त्यापेक्षा तोंड आलेलं परवडलं.

जाईजुई
उलटीच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, सगळ्या केमोला नावं ठेवतात. इसबगोल घ्या पण वर भरपूर पाणी प्या, नाहीतर उलटं घट्ट होतं. तोंडाला धातूची चव आली तर स्टीलचा चमचा सोडून लाकडी वापरा. आमसुलाचं सार जातं. तोंड आलं असेल तेव्हा तेही झोंबतं, मग मुगाचं कढण.

पार्लेकरीण
कढणाची कृती दे गं. जिरं घालायचं का?

जाईजुई
अर्धी वाटी मूग कोरडे भाजून, ४ वाट्या पाण्यात गाळ शिजवून गाळायचे. तूप-जिऱ्याची फोडणी, मीठ, सैंधव असेल तर उत्तम. मिरी नको.

लेस्टरवासी
इकडची (यूके) पद्धत: निदानाच्या दिवशीच एका ब्रेस्ट केअर नर्सचं नाव आणि फोन मिळतो. तिकडे मोठ्या दवाखान्यांत समुपदेशक असतात, पण सगळीकडे नाही, तेव्हा ती जागा मैत्रिणींनी भरायची. इंग्लंडमध्ये नवीन आलेल्यांसाठी: कॅन्सरच्या रुग्णाला औषधांचं शुल्क माफ आहे, जीपीकडून (फॅमिली डॉक्टर) फॉर्म भरून घ्या, दाखला ५ वर्षं चालतो.

टीपकागद
कागद. बायोप्सी, ईआर-पीआर-हरटू (गाठ हार्मोनवर की हरटू प्रथिनावर वाढते त्याचा अहवाल), डिस्चार्ज कार्ड, सगळ्याच्या प्रती आणि स्कॅनची सीडी. हरटू "२+" आलं तर अहवाल अर्धवट आहे असं समजा, खात्रीसाठी फिश ही जनुकाची चाचणी लागते. ती न करता कुणी पुढचं ठरवत असेल तर विचारा. बायोप्सीचे ब्लॉक आणि काचा मागता येतात. दुसरं मत घ्यायचं तर त्याच लागतात. ब्लॉक मेणाचे असतात, उन्हात गाडीत सोडू नका.
हरटूचं इंजेक्शन (ट्रास्टुझुमॅब) सहसा वर्षभर, दर ३ आठवड्यांनी. दर ३ महिन्यांनी टूडी इको (हृदयाची तपासणी) चुकवायचा नाही.
आणि वय कमी असेल, मूल हवं असेल, तर बीजांडं गोठवण्याचं केमोच्या *आधी* विचारायचं. साधारण २ आठवडे लागतात. हे घरचे विचारत नाहीत, मैत्रिणीनेच कानात सांगायचं.

कोकणातली
पैसे: महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. दवाखाना यादीतला हवा, तिथे आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड-आधार घेऊन आधी त्याला गाठा, दाखल व्हायच्या *आधी*. रेल्वेत रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीला पूर्ण सवलत, सोबतच्याला ७५ टक्के. दवाखान्याचा सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो. मुंबईत परळला उपचारासाठी येणाऱ्यांनी राहण्यासाठी नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा इथे चौकशी करा, दवाखान्याची चिठ्ठी जवळ ठेवा.

पार्लेकरीण
जाता जाता, परळजवळच्या एल्फिन्स्टन स्टेशनचं प्रभादेवी होऊन इतकी वर्षं झाली तरी टॅक्सीवाले अजून एल्फिन्स्टनच म्हणतात. बाहेरगावच्या मैत्रिणीला दोन्ही नावं सांगा.

समईची_वात
गट चालवणारीसाठी थोडं. आमचं कामच ते.
नवीन मैत्रिणीला जोडीदारीण देताना स्टेजपेक्षा उपचार, वय आणि घरची परिस्थिती जुळवावी. लहान मूल असलेलीला लहान मूल असलेली. फोनवर पहिलं वाक्य: "ऐकू की सांगू?" ती म्हणेल ते करायचं. कॅन्सर कशामुळे झाला असेल यावर चर्चा नाही. औषधाचे डोस एकमेकींशी ताडून बघायचे नाहीत, ते वजन-उंचीवर ठरतात. अहवालाचा फोटो टाकताना नाव आणि नोंदणी क्रमांक झाका. हनुमानफळ, गोमूत्र, गव्हांकुराचे फॉरवर्ड लगेच काढायचे, आणि पाठवणारीला खाजगीत सांगायचं, चारचौघींत नाही, ती घाबरलेली असते म्हणून पाठवते.
केमोच्या दिवशी सगळे नातलग फोन करतात. आपण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी करावा, बऱ्याच जणींचा थकवा तेव्हा वर येतो आणि घर शांत झालेलं असतं. तसाच एक फोन रेडिएशन संपल्यावर. घरचे पेढे वाटतात आणि ती एकटी पडते, कारण दवाखान्याची रोजची माणसंही तुटतात.
एखादीचा आजार परतला तर ती सांगेपर्यंत आपण सांगायचं नाही. कुणी गेली तर घरच्यांना विचारून, आणि गटात टाकण्याआधी उपचार चालू असलेल्यांना एकेकीला फोन करून. एकदम पन्नास "भावपूर्ण श्रद्धांजली" आल्या की दुसऱ्या दिवशी केमो असलेलीची रात्र जाते.

निशिगंधा_प
समई, हे वाचनखुणेत टाकलं.

लेस्टरवासी
अनुमोदन. चौथ्या दिवशीचा फोन.

जाईजुई
रेडिएशनचं कुणी लिहिलं नाही? आता बऱ्याच ठिकाणी १५ वेळा, ३ आठवडे. कातडीवर काढलेल्या खुणा पुसायच्या नाहीत, घासायचं नाही, कोमट पाणी, टिपून कोरडं. सुती सैल. डॉक्टरांनी सांगितलेलंच मलम, हळद-चंदन नको. कातडी शेवटच्या दिवसानंतरही एक-दोन आठवडे बिघडत जाते, म्हणून संपल्या संपल्या घट्ट ब्रा नको.

आजीबाईंचा_बटवा
टॅमोक्सिफेन (हार्मोनची गोळी) रोज एकाच वेळी, ५ वर्षं किंवा जास्त. चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन नाहीत. पाळी गेलेलीला रक्तस्राव झाला, किंवा एकाच पोटरीला सूज आली, तर लगेच दाखवा. मनाच्या गोळ्या चालू असतील तर नावं सांगा, पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन तिच्याबरोबर नकोत. लेट्रोझोल (हार्मोनची दुसरी गोळी) असेल तर हाडांची डेक्सा चाचणी, आणि सांधे धरले तरी चालणं सोडू नये.

पार्लेकरीण
आजी, तुम्ही फार्मसीत होता का हो?

आजीबाईंचा_बटवा
छे गं. शाळेत गणित शिकवायचे.

शिवणयंत्र
कुणाला खिशाचा कागदी नमुना हवा असेल तर कपाचं माप लिहा, उद्या दुपारी कापून फोटो टाकते. ३४ आणि ३६ चे तयार आहेत.

विदर्भकन्या
३८. आणि पोळी करपली.