बाहेरून आलेल्या संदेष्ट्याचं वचन मंडळीनं पारखायचं कसं?

दीपस्तंभ:
सर्वांना प्रभू येशूच्या नावात सलाम. उपवास-प्रार्थनेला बाहेरचे सेवक येतात, एकेकाला उभं करतात आणि सांगतात, "प्रभू म्हणतो, तीन महिन्यांत तुला परदेशात नोकरी." लागली तर साक्ष होते, नाही लागली तर "तुझा विश्वास कमी पडला." शंका काढली की दोन वचनं तयार असतात: "आत्म्याला विझवू नका" आणि "माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका." वडीलजनांना पानभर नियम लिहून ठेवायचे आहेत. पवित्र शास्त्रातून नेमकी पद्धत काय निघते? भाकीत खरं ठरलं की संदेष्टा खरा, एवढं पुरेसं आहे का?

बिरुयाकर:
पुरेसं नाही, आणि घोटाळा इथेच होतो. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं १८:२२ (अध्याय १८, वचन २२) सगळ्यांना माहीत असतं: बोलल्याप्रमाणे घडलं नाही तर ते परमेश्वराचं वचन नव्हे. पण ही कसोटी एकाच बाजूने चालते. घडलं म्हणून तो खरा, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. पाच अध्याय मागे जा. अनुवाद १३ मध्ये सांगितलेलं चिन्ह घडतंसुद्धा, तरी तो माणूस दुसऱ्या देवांकडे नेत असेल तर त्याचं ऐकायचं नाही. म्हणजे आधी शिकवण तपासायची, मग भाकीत. १ योहान ४ मध्येही पहिला प्रश्न तोच आहे: देहधारी येशू ख्रिस्ताला हा आत्मा कबूल करतो का? वचन ख्रिस्ताऐवजी मंतरलेल्या तेलाकडे, रुमालाकडे किंवा त्या सेवकाच्या फोटोकडे नेत असेल, तर तीन महिने थांबायची गरजच नाही.

आता यिर्मया २८ सावकाश वाचा. यहूदाचा राजा सिद्कीया याच्या चौथ्या वर्षी, पाचव्या महिन्यात, मंदिरात सगळ्यांसमोर हनन्या नावाचा संदेष्टा उभा राहतो. "सेनाधीश परमेश्वर असे म्हणतो" हीच सुरुवात, जी यिर्मयाच्याही तोंडी असते. म्हणून त्या शब्दांनी काहीच सिद्ध होत नाही. दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल, असं सांगून तो यिर्मयाच्या मानेवरचं, बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून घातलेलं लाकडी जू काढून मोडतो. यिर्मया आधीच म्हणालेला असतो: आमेन, परमेश्वर तसंच करो. त्याचबरोबर त्यानं बजावलेलं असतं की शांतीचं भाकीत करणारा वचन घडल्यावरच ओळखला जाईल. जू मोडल्यावर तो भांडत बसत नाही, निघून जातो. लाकडी जुवाच्या जागी लोखंडी जू येईल, हे वचन त्याला नंतर मिळतं, आणि हनन्या सातव्या महिन्यात मरतो. ऐकणाऱ्यांना जे हवं होतं नेमकं तेच हनन्या बोलला होता. गोड वचनाला कसोटी जास्त कडक लावायची ती याचसाठी.

"विश्वास कमी पडला" ही सबब तर शास्त्रात बसतच नाही. अनुवाद १८:२२ दोष बोलणाऱ्यावर ठेवतं, ऐकणाऱ्यावर नाही.

जुनी_पोथी:
पैशाबद्दल लिहितो, कारण नियमांत नेमका हाच भाग पुसट राहतो. सुरुवातीच्या मंडळीची 'दिदाखे' नावाची छोटी नियमावली आहे. तिची १०५६ सालची हस्तलिखित प्रत १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडली. तिच्या अकराव्या अध्यायात हिशेब सरळ आहे. आलेला प्रेषित एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तिसरा दिवस राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर न्यावी. पैसे मागितले तर खोटा. आत्म्यात बोलताना "मला पैसे द्या" म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही, पण गरजूंसाठी मागितले तर दोष द्यायचा नाही. पारख मुख्यतः वागणुकीवर आहे: प्रभूची चालचलणूक त्याच्यात दिसते का?

अगब नावाच्या संदेष्ट्याचं उदाहरण याला धरूनच आहे. प्रेषितांची कृत्ये ११ मध्ये तो दुष्काळाचं भाकीत करतो. शिष्य मदत गोळा करतात आणि ती बर्णबा व शौलाच्या हाती यहूदीयातल्या वडीलजनांकडे जाते. अगबाच्या हाती काही गेल्याचा उल्लेखही नाही. तेव्हा नियम असा लिहा: प्रवासखर्च आणि मानधन आधी ठरवून मंडळीच्या खात्यातून द्यायचं, सभेत पाहुण्याचा क्यूआर कोड लावायचा नाही, आणि "विश्वासाचं बी पेरा" म्हणत वचनाला रक्कम जोडली की सभा तिथेच थांबवायची.

कसोटी:
१ करिंथ १४:२९ मध्ये पद्धतच दिली आहे: दोघा-तिघांनी बोलावं, इतरांनी पारख करावी. आपण पहिला अर्धा भाग पाळतो, दुसरा सोडून देतो. बोललेलं शब्दशः लिहा, तारीख घाला, त्याच आठवड्यात दोन-तीन वडीलजनांनी वाचा. "आवेशात तोंडून निघून गेलं" हे चालत नाही. संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात (१४:३२). प्रार्थना-विनंत्यांच्या चिठ्ठ्या आणि फोन नंबर पाहुण्यांच्या हाती सभेआधी जाऊ देऊ नका. शंभर जणांत "इथे कुणाचे गुडघे दुखतात" हे तर कुणीही सांगेल. गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करा, ऑपरेशन टाळा, जमीन विका, अमक्याशी लग्न करा, अशी वचनं तिथल्या तिथे नामंजूर.

ती दोन वचनंही बघा. "आत्म्याला विझवू नका" (१ थेस्सलनी. ५:१९) याच्या पुढे दोनच ओळींवर "सर्व गोष्टींची पारख करा" आहे. इथला मूळ ग्रीक शब्द धातू कसाला लावून पारखण्यासाठी वापरत. "माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका" (स्तोत्र १०५:१५) हे राजांना उद्देशून आहे, आणि ते 'अभिषिक्त' म्हणजे अब्राहामादी पूर्वज; वडीलजनांनी प्रश्न विचारायला तिथे बंदी नाही.

दीपस्तंभ:
मोलाचं आहे हे. पण योना संदेष्ट्याचं काय? त्यानं सांगितलं तरी निनवे नगरी चाळीस दिवसांत नाश पावली नाही.

बिरुयाकर:
यिर्मया १८:७-१० वाचा. इशाऱ्यात पश्चात्तापाची अट गृहीतच असते, आणि निनवेच्या लोकांनी गोणपाट नेसून ती पाळली. त्याच उताऱ्यात आशीर्वादालाही अट आहे, पण ती अशी: लोक वाईट वागले तर तो मागे घेतला जातो. "तीन महिन्यांत नोकरी" चुकली आणि योना पुढे केला, तर विचारा: वचन मिळालेल्या या माणसानं कोणतं पाप केलं, आणि ते तुम्ही त्या दिवशी का नाही सांगितलं?