मदत हवी आहे: व्हिडिओत की-फ्रेम (अख्खं चित्र साठवणारी फ्रेम) किती सेकंदांनी ठेवावी?

मंडळी, आमच्या गावच्या जत्रेतल्या दशावतारी नाटकाचं रेकॉर्डिंग मंडळाच्या वेबसाइटवर टाकायचंय. कॅमेरा ट्रायपॉडवर एकाच जागी, मागे काळा पडदा, सेकंदाला 25 फ्रेम, लांबी चारेक तास. एफएफएमपेग या व्हिडिओ-प्रोग्रॅमने, एक्स264 एन्कोडर वापरून 1080, 720 आणि 480 अशा तीन आवृत्त्या काढतोय, एचएलएसचे (नेटवर व्हिडिओ तुकड्यांत पाठवायची पद्धत) 6 सेकंदांचे तुकडे करून.

इंटरव्हल (दोन की-फ्रेममधलं अंतर) दिला नाही तर एक्स264 स्वतःचे 250 फ्रेम धरतो, म्हणजे माझ्याकडे 10 सेकंद. एरवी सीन बदलला की तो मध्येच की-फ्रेम टाकतो, पण इथे कटच नाहीत. तुकडा की-फ्रेमवरच तुटत असल्याने 6 सांगूनही बरेच तुकडे 10 चे निघतात. त्यात मुंबईकर मंडळी नेमका संकासुराचा प्रवेश शोधायला पुढेमागे करतात आणि प्लेअर भलतीकडेच उतरतो.

म्हणून अ‍ॅपलच्या शिफारशीप्रमाणे 2 सेकंद, म्हणजे 50 फ्रेम केलं. उड्या नीट बसायला लागल्या, पण काळा पडदा दर दोन सेकंदांनी श्वास घेतोय! बारीक दाणे उठतात, हळूहळू पुसले जातात, परत उठतात. बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) वाढवला की फाइल फुगते, आणि बघणारे बहुतेक मोबाइल डेटावर. मधला मार्ग आहे का?

प्रतिसाद:
2 सेकंद ही शिफारस आहे, सक्ती नाही. तुमचं रेकॉर्डिंग आहे, लाइव्ह नाही. 3 सेकंद, म्हणजे 75 ठेवा. 6 ला 3 ने पूर्ण भाग जातो, हे महत्त्वाचं. सीनकट (सीन बदलला की आपोआप की-फ्रेम टाकायची सेटिंग) 0 करा, नाहीतर तिन्ही आवृत्त्यांत की-फ्रेम वेगवेगळ्या जागी पडू शकतात आणि क्वालिटी बदलताना व्हिडिओ अडखळतो.

पडद्याचं मूळ दुखणं मात्र इंटरव्हल नाही. अंधारात कॅमेऱ्याने गेन (सिग्नलची वाढ) चढवलाय, त्याचा नॉइज, म्हणजे दाणे, आहे तो. की-फ्रेम ते दाणे नव्याने काढते, पुढच्या फ्रेम बिट वाचवायला पुसत नेतात. एन्कोडआधी हलकं डीनॉइज (दाणे कमी करणारा फिल्टर) लावा आणि एक्स264 चा एक्यू-मोड (चित्रात कुठे किती बिट द्यायचे ते ठरवणारी सेटिंग) 3 करून बघा, तो अंधाऱ्या भागाला जास्त बिट देतो. आधी दहा मिनिटांवरच, चार तास मशीन तापवू नका.

धागाकर्ता:
आभार! काही भाग मोबाइलवर शूट केलाय, तिथे फ्रेमरेट खालीवर होतो. तिथेही 75 च?

प्रतिसाद:
नाही, तिथे फ्रेम मोजून चालणार नाही. एफएफएमपेगच्या फोर्स-की-फ्रेम्स पर्यायाने की-फ्रेम वेळेवर बांधा, दर 3 सेकंदांनी. किंवा आधी सरळ 25 वर आणा, मग 75.