बोरघाटातल्या मालवाहतुकीवर बोलायचंय, सुरुवात कुठून करू?

निवृत्त_मास्तर

नमस्कार मंडळी. पनवेलला आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याला सभासदांपैकीच कुणीतरी बोलतं. या खेपेला माझा नंबर. विषय मीच सुचवून बसलोय, 'घाटावरचा माल मुंबईला कसा जायचा'. पाऊण तास मिळेल. १८५३, बोरीबंदर ते ठाणे, साहिब-सिंध-सुलतान ही तीन इंजिनं, हे शाळेत शिकवून तोंडपाठ आहे. पण ऐकणाऱ्यांनाही ते पाठच असतं. त्यात निम्मे जण रेल्वेतून नाहीतर गोदीतून रिटायर झालेले. त्यांच्यापुढे काय मांडू?

घाटवळण

शिंग्रोबा विसरू नका. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर. त्याच्याशिवाय बोरघाटाचं भाषण आमच्या लोणावळ्यात तरी कुणी ऐकून घेणार नाही.

बिल्टीवाला

मास्तर, कळंबोलीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंगला बसायचो, जन्म बिल्ट्या (मालाच्या पावत्या) फाडण्यात गेला. त्यामुळे माझं म्हणणं जरा एकांगी वाटेल. इंजिनं राहू द्या बाजूला. माल एका गाडीतून उतरून दुसरीत चढतो त्या जागेपासून सुरू करा. पैसा तिथे, भांडण तिथे आणि फूटतूट-चोरीही तिथेच.

तुम्ही तर पनवेलातच बोलणार. रेल्वेच्या आधी मुंबईचा माल मचव्या-गलबतांतून खाडीने पनवेल बंदराला लागायचा आणि तिथून पुण्याच्या वाटेला. घाटात चाकाचं काम कठीणच, लमाणांचे बैल पाठीवर गोण्या घेऊन चढ-उतार करायचे. मुंबईचा गव्हर्नर माल्कम, त्याने १८३० मध्ये घाटरस्ता खुला केला आणि भरलेली बैलगाडी घाट चढू-उतरू लागली. पाठीवर जेवढं पेलतो त्याच्या कितीतरी पट वजन तोच बैल जुंपल्यावर ओढतो, म्हणजे भाड्याचं सगळं गणितच बदललं. वरून कापूस आणि धान्य, खालून मीठ. जुन्या गॅझेटियरात पनवेलचा मुख्य धंदा काय दिलाय माहितीय? गाडीची चाकं बनवणं! देशावरचा गाडीवान परत जाताना चाकांची जोडी घेऊन जायचा. घाट उतरून आलेल्या चाकाची काय दशा होत असेल, ते तुमच्या श्रोत्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

मी असतो तर सगळ्यात जास्त वेळ १८५८ ते १८६३ ला दिला असता. रेल्वे १८५६ ला खोपोलीपर्यंत आली. वर खंडाळा ते पुणे १८५८ ला चालू झाली. मधला घाट तसाच. म्हणजे दोन्हीकडे आगगाडी आणि मध्ये बैलगाडी! कापसाची एक गासडी धरा. पुण्याला वॅगनीत चढली, खंडाळ्याला उतरली, बैलगाडीत चढली, खोपोलीला उतरली, परत वॅगनीत, आणि मग बोरीबंदर. नुसत्या घाटापायी चारदा हात लागले. प्रत्येक हाताला हमाली, आणि पावसात काय होत असेल ते वेगळंच. माणसं पालखीतून, तट्टावरून नाहीतर गाडीतून. ही गासडी फळ्यावर काढून दाखवा, गोदीवाले पुढे सरकून बसतील.

१८६३ ला रेल्वेने घाट जोडला आणि हे सगळं मधलं काम एका झटक्यात गेलं. खोपोली मुख्य लाईनवरून शाखेवर आली. आज पळसदरीला पुण्याचा मार्ग वेगळा होतो आणि खोपोली लोकल एकेरी रुळावरून पुढे जाते. पण मूळची लाईन तीच.

शिंग्रोबाबद्दल: सांगा, पण आख्यायिका म्हणून. आमचे ड्रायव्हर देवळासमोर नाणं टाकल्याशिवाय घाट उतरायचे नाहीत, गाडीत साहेब बसलेला असो नाहीतर मालक.

बँकर_कर्जत

रेल्वेवाला म्हणून थोडी भर घालतो. घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. बोगदे २५. १८६१ मध्ये कामावर ४२ हजार मजूर होते, आणि पटकीने (कॉलऱ्याने) माणसं पटापट जात होती. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ ला इथे आला आणि लगेचच वारला. पुढचं कंत्राट त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, इंजिनिअर नेमून तडीला नेलं. हे नाव भाषणात यायलाच पाहिजे, एरवी सगळे साहेबच असतात.

आणि रिव्हर्सिंग स्टेशन. डोंगराच्या नाकाडावर वळायला जागा नाही, म्हणून गाडी सरळ टोकापर्यंत न्यायची, थांबवायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट्या दिशेने पुढचा चढ घ्यायचा. १९२९ च्या सुमारास नवी लाईन टाकली तेव्हा ही कसरत संपली. मागून ढकलणारी बँकर इंजिनं मात्र कर्जतला आजही लागतात. ती लागेपर्यंत खाली उतरून वडा खायचा, हे कुणाला सांगायला नको.

निवृत्त_मास्तर

वा, गासडी फळ्यावर काढणार हे नक्की! बिल्टीवालेसाहेब, शेवट कसा करू? १८६३ नंतर पनवेल बसलं, असं म्हणून थांबू?

बिल्टीवाला

छे, तुमच्याच गावात असं म्हणाल तर चहा मिळणार नाही. बंदराचा धंदा बसला हे खरं. पण १९८९ ला न्हावा शेवा बंदर सुरू झालं, आणि बोटीतून उतरलेला माल पुन्हा पनवेलच्याच वेशीवरून घाटाकडे निघाला. कळंबोलीला लोखंडाचा बाजार, ट्रकांच्या रांगा, पुढे एक्सप्रेसवे. एक फरक मात्र ठासून सांगा. आता बोटीवरून ट्रेलरवर पेटीच उचलून ठेवतात, आतल्या मालाला मध्ये हातच लागत नाही. तुमच्या गासडीला घाटात चारदा हात लागला होता, कंटेनरला क्रेन लागते आणि सील पुण्याला फुटतं. हमाल कुठे गेले, हा प्रश्न कुणीतरी विचारेलच, तेव्हा हमालांसाठीचा माथाडी कायदा १९६९ चा, एवढं लक्षात असू द्या. त्यावर बोलायला सभेत दोघं-तिघं तरी निघतील, त्यांना बोलू द्या.

फोटो दाखवणार असाल तर घाटातल्या अमृतांजन पुलाचा घ्या. १८३० चा, एप्रिल २०२० मध्ये पाडला. प्रत्येकाने त्याच्याखालून प्रवास केलेला आहे. आणि चहा भाषणानंतर ठेवा. आधी ठेवलात तर निम्मी सभा कप विसळायला जाते.