खुलासा : कुणाचा आणि कोणत्या पानावर?

परवा घरी टीव्हीवर खालची पट्टी सरकत होती : 'रुग्णालयाच्या अधीक्षकांचा धक्कादायक खुलासा'. माझ्या ८१ वर्षांच्या आईने ती मोठ्याने वाचली आणि म्हणाली, "दिला का खुलासा? बरं झालं. काय म्हणणं आहे त्यांचं?" तिची समजूत अशी की रुग्णालयावर काहीतरी आरोप झाले असणार आणि अधीक्षकांनी आपली बाजू मांडली असणार. प्रत्यक्षात अधीक्षकांनी दुसऱ्याच कुणाबद्दल काहीतरी उघड केलं होतं. आईचं मराठी बरोबर होतं, पट्टी लिहिणाऱ्याचं चुकलं होतं.

मी मुंबईतल्या एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर २२ वर्षं काढली, म्हणून हा शब्द चर्चेला घेतोय. मला तो मरू द्यायचा नाही.

आधी मूळ. अरबी 'खुलासा' म्हणजे सार, अर्क. उर्दूत आजही पुस्तकाचा खुलासा म्हणजे पुस्तकाचा सारांश. त्याच धातूची बाकीची भावंडं आपल्याकडे घरच्यासारखी राहतात : निखालस, खालसा, खलास आणि ससून डॉकवरचा खलाशीसुद्धा. शुद्ध होणं, मोकळं होणं, सुटणं हा सगळ्यांच्या पोटातला अर्थ. मराठीने हा शब्द घेतला तेव्हा त्यातला मोकळं करण्याचा भाग उचलला. गुंता झालाय, गैरसमज झालाय, तो सोडवून सांगणं म्हणजे खुलासा. आपल्या कानाला त्यात 'खुला' आणि 'खुलणं' ऐकू येतं, व्युत्पत्ती तशी नसली तरी, आणि त्यामुळे हा अर्थ आणखी पक्का बसला.

हिंदी बातम्यांत मात्र 'खुलासा' म्हणजे दडलेलं बाहेर काढणं. बडा खुलासा, सनसनीखेज खुलासा. हिंदीत तो रुळलाय, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार तो अर्थ जसाच्या तसा मराठी पट्टीवर येतो त्याची आहे. त्या अर्थासाठी आपल्याकडे शब्दांची कमी कधी नव्हती. गौप्यस्फोट आहे, बिंग फुटलं आहे, उघडकीस आलं, उजेडात आणलं आहे. पोलिसांच्या मराठीत 'तपासात निष्पन्न झाले' आहे. 'तपासात खुलासा झाला' हे वाक्य मराठी माणसाने घरात कधी उच्चारलंय का, आठवून पाहा.

क्रियापदांवरून फरक चटकन कळतो. मराठीत खुलासा करतात, देतात, मागतात, मागवतात, छापतात. यातल्या प्रत्येकात एक माणूस आहे ज्याच्याबद्दल आधी काहीतरी बोललं गेलंय आणि आता बोलायची पाळी त्याची आहे. 'मंत्र्यांचा खुलासा' या मथळ्यात पूर्वी मंत्री उत्तर देत असत. आता ते उत्तर देतायत की दुसऱ्यावर आरोप करतायत, हे बातमी उघडल्याशिवाय कळत नाही. बचाव आणि हल्ला एकाच शब्दात बसले आहेत.

हे सगळं भाषेपुरतं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. खुलासा हे आपल्या वर्तमानपत्रांत एका हक्काचं नाव होतं. ज्याच्याविरुद्ध छापून आलं, त्याला त्याच पेपरात दोन ओळी मागता येत. त्या दोन ओळींच्या डोक्यावर 'खुलासा' असं शीर्षक असे.

त्यातल्या एका खुलाशाची गोष्ट सांगतो, ती माझ्या हातून घडली.

२००४ चा जुलै. परळच्या बाजूच्या एका पतपेढीत अपहार झाला होता. रात्रपाळी होती, पाऊस कोसळत होता, लोकल बंद पडल्या होत्या. बातमीदाराने फोनवरून बातमी सांगितली, मी उतरून घेतली. 'चौघांवर गुन्हा' असा मथळा दिला आणि चारही नावं छापायला दिली. चौथा माणूस आरोपी नव्हता, साक्षीदार होता. फोनवर 'आणि' कुठे संपलं आणि पुढचं वाक्य कुठे सुरू झालं, ते मला कळलं नाही आणि मी उलट विचारलंही नाही. शहर आवृत्ती सुटायला वीस मिनिटं होती.

तिसऱ्या दिवशी तो गृहस्थ कचेरीत आला. इस्त्रीचा शर्ट, छत्री बाहेर दाराशी उघडी ठेवलेली. हातात रेघांचा फुलस्केप, त्यावर पट्टी लावून दोनदा अधोरेखित केलेला शब्द : खुलासा. खाली सुरेख अक्षरात, 'आपल्या अंकातील बातमीत माझे नाव आरोपी म्हणून आले आहे. मी आरोपी नसून साक्षीदार आहे.' एवढंच. एक वावगा शब्द नाही. मग म्हणाला, "साहेब, बातमी पान तीनवर होती. हेही पान तीनवरच येईल ना? आमच्या चाळीत जिन्याखालच्या फळ्यावर कुणीतरी कात्रण चिकटवलंय. मला हे त्याच्या शेजारी लावायचंय. तेवढ्याच रुंदीचं आलं तर बरं."

खुलासा नवव्या दिवशी आला. पान ९, नाटकांच्या जाहिरातींच्या वर, अडीच ओळी. मजकूर असा : 'सदर प्रकरणी आपण आरोपी नसल्याचा खुलासा अमुक यांनी केला आहे.'

हे वाक्य पुन्हा वाचा. यात कर्ता कोण आहे? चूक आमची होती आणि वाक्यात बोलतोय तो. वाचणाऱ्याला वाटेल, आरोपी आहे आणि नाही म्हणतोय. खरं वाक्य असं हवं होतं : 'आम्ही त्यांना चुकून आरोपी म्हटले. ते साक्षीदार आहेत.' त्याला म्हणतात दुरुस्ती. दुरुस्ती पेपरची असते, खुलासा समोरच्याचा असतो, दिलगिरी पेपरच्या मनाची असते. हे तीन शब्द तीन वेगळी कामं करतात आणि आमच्याकडे दुरुस्तीच्या जागी सर्रास खुलासा लावला जाई, कारण खुलाशात आपली चूक कबूल करावी लागत नाही. मी त्या अडीच ओळी लिहिल्या नव्हत्या, पण पान लावताना पाहिल्या होत्या आणि जाऊ दिल्या होत्या.

प्रश्न असा आहे : 'खुलासा' हा शब्द त्याच्या मराठी अर्थापुरता राखावा का? आणि माध्यमांना तसं सांगता येईल का?

—

प्रतिसाद (टीव्हीच्या डेस्कवरून)

दादा, पट्टी लिहिणाऱ्यांपैकी मी एक. आमच्याकडे काय होतं ते सांगते. समूहाच्या हिंदी वाहिनीचा फ्लॅश आधी येतो. तो मराठीत पडायला दोन-तीन मिनिटं मिळतात. समोर 'बडा खुलासा' लिहिलेलं असतं, बोटं 'मोठा खुलासा' टाइप करतात. गौप्यस्फोट हा शब्द जोडाक्षरांचा, रुंद. पट्टीत मावत नाही म्हणून नव्हे, पण पाहिल्यावर वरिष्ठ म्हणतात, जड वाटतोय, खुलासाच ठेव.

दुसरं, अर्थ बदलतातच. राजीनामा म्हणजे मूळ संमतीचा दस्तऐवज, राजी असल्याचा कागद. आज तो नोकरी सोडण्याचा कागद आहे. त्याबद्दल कुणी रडत नाही. मग खुलाशाबद्दल एवढं का?

तुमची साक्षीदाराची गोष्ट मात्र दोनदा वाचली. आमच्याकडे तर फळाच नाही. पट्टी सरकून जाते, मागून आलेली दुरुस्ती कुणाच्या शेजारी लावायची?

—

प्रतिसाद (महापालिकेतून निवृत्त)

आमच्या फायलींत हा शब्द अजून ठणठणीत आहे. 'आपला लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा. खुलासा समाधानकारक न वाटल्यास शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल.' हे वाचून भल्याभल्यांना घाम फुटलेला पाहिलाय. फरक एवढाच की आमच्याकडे खुलासा मागवला जातो, पेपरात तो मागावा लागतो.

—

प्रतिसाद (किल्ला कोर्टात वकिली)

शब्दाबद्दल मूळ लेखकाशी सहमत. कायद्याच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण माझ्याकडे येणारे अर्धे लोक 'खुलासा छापून आणा' एवढंच मागत येतात, नुकसानभरपाईचं त्यांच्या मनातही नसतं.

वर्तमानपत्रांच्या वागण्यावर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत स्पष्ट आहे की वस्तुस्थितीची चूक लक्षात आली की दुरुस्ती ताबडतोब आणि ठळकपणे द्यावी, चूक गंभीर असेल तर दिलगिरीसह. पण १९७८ च्या कायद्याने कौन्सिलला दिलेलं हत्यार म्हणजे ताकीद देणं, समज देणं, निषेध नोंदवणं. दंड करता येत नाही, आणि त्यांचा अधिकार छापील माध्यमं आणि वृत्तसंस्थांपुरता. वाहिन्यांनी स्वतः नेमलेल्या प्राधिकरणाला फार तर १ लाख रुपये दंड करता येई. ती रक्कम अपुरी आहे असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये बोलून दाखवलं. तो वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या १८ जानेवारी २०२१ च्या निकालावरून तिथे गेला होता. माध्यमांनी समांतर खटला चालवल्याने न्यायदानात ढवळाढवळ होते, असं त्या निकालात म्हटलं होतं.

दुरुस्ती आणि दिलगिरी वेळेवर न देण्याची किंमत किती होऊ शकते, याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण पुण्याचं आहे. सप्टेंबर २००८ मध्ये एका इंग्रजी वाहिनीने प्रॉव्हिडंट फंड घोटाळ्याच्या बातमीत, नावात साम्य असलेल्या दुसऱ्या न्यायमूर्तींच्या जागी, निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा फोटो दाखवला. जेमतेम १५ सेकंद. सावंत सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते आणि नंतर प्रेस कौन्सिलचे अध्यक्षही होते. फोटो थांबला, पण दिलगिरी लगेच आली नाही, आणि त्यांची तक्रार मुख्यतः तीच होती. २०११ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने १०० कोटींची भरपाई दिली. अपिलाच्या वेळी उच्च न्यायालयाने २० कोटी रोख भरायला आणि ८० कोटींची बँक हमी द्यायला सांगितलं. एवढी रक्कम योग्य होती का, यावर वकिलांत आजही दुमत आहे, मलाही ती फार वाटते. पण सावंतांच्या जागी तुमचा चाळीतला साक्षीदार असता तर तो खटला उभाच राहिला नसता, हे मी रोज बघतो.

व्यवहाराचा सल्ला : खुलाशाचं पत्र नुसतं हातोहात देऊन येऊ नका. पोच घ्या, नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवा. तारखेला फार महत्त्व असतं.

—

मूळ लेखकाचा प्रतिसाद

वकीलसाहेब, त्या गृहस्थाने पोच मागितली नव्हती. त्याने विश्वासाने कागद हातात दिला होता.

ताई, तुमचा राजीनाम्याचा दाखला चांगला आहे, त्यावर रात्रभर विचार केला. राजीनाम्याचा जुना अर्थ गेला तेव्हा त्या कामाला संमतिपत्र, करारनामा असे शब्द हजर होते. शिवाय जुना राजीनामा आणि नवा राजीनामा एकाच वेळी एकाच मथळ्यात कधी भांडले नाहीत. खुलाशाचे दोन्ही अर्थ आज एकाच दिवशी, एकाच पडद्यावर चालतात आणि जो अर्थ मागे पडतोय त्याच्या जागी दुसरा शब्द उभा नाही. 'स्पष्टीकरण' आहे, पण त्यात थोडा अपराधीपणा चिकटलाय. 'दुसरी बाजू' म्हणता येईल. पण त्याने सगळंच दोन बाजूंचं होतं, आणि माझ्या साक्षीदाराला दुसरी बाजू नव्हती. त्याची एकच बाजू होती आणि ती खरी होती.

पट्टीच्या शेजारी पट्टी लावता येत नाही हे तुमचं म्हणणं मला पटतं. पण जी बातमी दिवसभरात जितक्या वेळा फिरली, दुरुस्ती तितक्या वेळा, त्याच वेळांना फिरवता येते. हा हिशेब तुमच्या यंत्रात असतोच, कारण जाहिराती तशाच मोजल्या जातात.

मुंबईत बसून ही चर्चा करताना डोंगरी आठवते. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर तिथल्या तुरुंगात १०१ दिवस होते. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतोय, या कळकळीने त्यांनी कारभारी बर्वे यांच्यावर लिहिलं होतं आणि ज्या पत्रांचा आधार घेतला ती बनावट निघाली. हेतू चांगला, कागद खोटा. त्यांनी माफी मागितली, तरी शिक्षा झाली आणि ती भोगून दोघे बाहेर आले. शाळेत आम्हाला हे फक्त तुरुंगवासाची गोष्ट म्हणून शिकवलं. त्यातली चूक आणि माफी कुणी शिकवली नाही. पत्रकार होऊ पाहणाऱ्या पोरांना ती पहिल्या दिवशी सांगायला हवी, टिळक-आगरकरांना कमीपणा आणण्यासाठी नव्हे, तर एवढ्या मोठ्या माणसांनीही 'आमचं चुकलं' हे स्वतःच्या तोंडाने म्हटलं म्हणून.

आणखी एक शब्द याच रांगेत बसतो, 'म्हणे'. 'त्याने म्हणे पैसे खाल्ले.' ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून सांगायची सोय बोलीतच आहे. पेपरात आम्ही त्याचं 'समजते' आणि 'सूत्रांनी सांगितले' केलं आणि तेव्हा ऐकीव गोष्टीला कचेरीचा शिक्का बसला. त्यावर वेगळा धागा काढायला हवा.

आता एक विनंती. बऱ्याच दैनिकांत आणि वाहिन्यांत शैलीपुस्तिका असतात, काही ठिकाणी नुसती झेरॉक्स केलेली पानं. त्यात 'खुलासा', 'दुरुस्ती', 'दिलगिरी' यांच्याबद्दल काही लिहिलेलं असेल तर इथे उतरवून द्या. आमच्या पुस्तिकेत 'आरोपी' आणि 'संशयित' यांवर दीड पान होतं, खुलाशावर एकही ओळ नव्हती.